जन्मवेळ द्यावी की न द्यावी? पत्रिका, मागी लोक आणि आपली मंडळी

कृष्णाकाठ (सांगली), २८ डिसेंबर २०२५

सर्वांना नमस्कार आणि सलाम. नाताळाच्या गडबडीतून आजच मोकळा झालो, म्हणून गेले पंधरा दिवस मनात घोळत असलेला प्रश्न येथे मांडतो. आमचे घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. माझ्या पुतणीला साताऱ्याचे एक स्थळ आले आहे. घराणे ख्रिस्तीच आहे, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत आहेत आणि मुलाचे वडील त्यांच्या मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीवर बरीच वर्षे काम करीत आहेत. बोलणी संपत आली असताना मुलाच्या आईंनी आमच्या वहिनींना फोन केला, हवापाण्याचे बोलून झाल्यावर आवाज खाली आणला आणि विचारले, "मुलीची जन्मवेळ मिळेल का हो? आमच्या ह्यांना कळू देऊ नका, पण माझ्या मनाच्या समाधानासाठी हवी आहे."

वहिनींनी हा प्रश्न माझ्याकडे सोपवला, कारण घरातले जुने पवित्र शास्त्र (बायबल) माझ्याकडे आहे. काळ्या कातडी बांधणीचे, पाठीला दोनदा खळ लावून कापड चिकटवलेले ते पुस्तक आहे आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर आजीने पट्टीने रेघा मारून जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू असे रकाने पाडलेले आहेत. आजोबांच्या नावापुढे तारीखच नाही, फक्त "श्रावण वद्य अष्टमी, सोमवार" असे आहे. मात्र वडिलांच्या पिढीपासून पुढे प्रत्येक मुलाची तारीख आणि वेळ मिनिटासकट लिहिलेली आहे. पुतणीची नोंद आजीच्या अखेरच्या काळातली, अक्षर थरथरलेले, पण तिथेही "पहाटे ४ वाजून २० मिनिटे" असे स्पष्ट वाचता येते.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट हीच आहे. दारात पिंगळा आला तर त्याला पसाभर ज्वारी घालून आजी म्हणत असे, "ज्वारी घे बाबा, भविष्य नको." मग तिने मिनिटे कशासाठी टिपून ठेवली असतील?

त्यात आज, नाताळानंतरच्या रविवारी, उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाचा उत्तरार्ध वाचला गेला, म्हणजे हेरोद राजाने बेथलेहेमची लहान मुले मारवली तो भाग. तो ऐकत असताना मनात आले की तारा पाहून बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांना, म्हणजे ताऱ्यांच्या जाणकारांना, आपण नाताळच्या नाटकात मुकुट घालून मिरवतो आणि ताऱ्यांवरून भविष्य पाहणाऱ्या शेजाऱ्याला मात्र नावे ठेवतो, या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावे. वेळ द्यावी की न द्यावी, हेही सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा), २८ डिसेंबर २०२५

मी कोणत्याच धर्माचा आचार पाळत नाही, तरी नावात तारा असल्यामुळे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांपासून केवळ एक दशांश अंशावर आले होते. साताऱ्यातल्या चार भिंती या स्मारकावर आम्ही पंधरा-वीस जण दुर्बीण घेऊन गेलो होतो. सूर्य मावळल्यावर नैऋत्येला ते दोन ठिपके एकाच भिंगात, शनीच्या कड्यासकट दिसले आणि एक आजोबा डोळा लावून इतका वेळ उभे राहिले की मागच्यांची कुरकुर सुरू झाली. त्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला नाताळचा तारा म्हटले. गंमत अशी की पाश्चात्य ज्योतिषी ही युती कुंभेत झाली म्हणत होते आणि आपली पंचांगे मकरेत, कारण सायन (विषुवबिंदूपासूनच्या) आणि निरयन (स्थिर ताऱ्यांवरून केलेल्या) मोजणीत सुमारे चोवीस अंशांचे अंतर पडते. एकच आकाश, एकच क्षण, आणि राशी दोन.

दुसरी गोष्ट आमच्या साताऱ्याशी संबंधित आहे. आमच्या गावचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली एक साधी चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका एकत्र करून त्यांतल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच विचारले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली आणि एकंदर निकाल नाणेफेकीहून बरा लागला नाही. त्यामुळे जन्मवेळ द्या किंवा देऊ नका, मुलीच्या संसारात त्याने काडीचा फरक पडणार नाही.

वाईची लेक (मिरज), २९ डिसेंबर २०२५

सविस्तर नंतर लिहिते. कृष्णाकाठदादा, एकच विचारते. त्या पानांवर वेळेच्या पुढे आणखी काही आकडे लिहिलेले आहेत का? एकदा नीट पाहाल का?

गंधरस (मिरज), २९ डिसेंबर २०२५

अजिंक्यतारा यांनी सांगितलेली चाचणी मला मान्य आहे, पण ख्रिस्ती माणसाचा नकार त्या चाचणीवर उभा नाही, हे आधी स्पष्ट करतो. समजा, उद्या सत्तावीसच्या सत्तावीस ज्योतिषांची चाळीसपैकी चाळीस उत्तरे बरोबर आली, तरीही बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली भविष्य पाहण्याची मनाई जागच्या जागी राहील. शास्त्राचे म्हणणे असे की उद्याचा दिवस ज्याच्या हातात आहे त्याला सोडून दुसऱ्याला विचारायला जाऊ नये. दुसऱ्याचे उत्तर खरे निघते की खोटे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

शास्त्रात आकाशाविषयी तिटकारा मात्र कोठेही नाही. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सूर्य-चंद्र हे ऋतू, दिवस आणि वर्षे दाखवणाऱ्या खुणा म्हणून निर्माण झाले आहेत. ईयोब आणि आमोस या पुस्तकांच्या मराठी भाषांतरात तर थेट कृत्तिका आणि मृगशीर्ष ही आपल्या पंचांगातलीच नावे येतात. मिरजेतल्या आमच्या रविवारच्या शाळेत ती ओळ वाचताना मुलांना पहिल्यांदा वाटते की हे पुस्तक आपल्याच शेतावरच्या आभाळाखाली लिहिले आहे. यिर्मया संदेष्टा सांगतो की इतर राष्ट्रे आकाशातल्या चिन्हांना भितात तशी तुम्ही भिऊ नका. एकशे एकविसाव्या स्तोत्राच्या मराठीत तर दिवसा सूर्याची आणि रात्री चंद्राची "बाधा" होणार नाही असा शब्द आहे, आणि बाधा म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यशया संदेष्टा मात्र बाबेलच्या (बॅबिलोनच्या) लोकांची चक्क टिंगल करतो. आकाशाचे भाग पाडणारे आणि महिन्या-महिन्याला काय घडेल ते सांगणारे तुमचे ज्योतिषी आता तुम्हाला वाचवू देत, असे तो म्हणतो. मासिक भविष्याचे सदर तेव्हाही होते म्हणायचे.

आता मागी लोक. मत्तयाने त्यांची संख्या दिलेली नाही, त्यांना राजे म्हटलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून आपण तीन माणसे केली. तारा पाहून ते कोठे पोहोचले, हे पुन्हा एकदा वाचा. ते यरुशलेमेला पोहोचले, म्हणजे चुकीच्या गावी आणि चुकीच्या राजाच्या दारात. बेथलेहेम हे नाव त्यांना मीखा संदेष्ट्याच्या लेखावरून याजकांनी सांगितले. यरुशलेम ते बेथलेहेम हे अंतर आपल्या सांगली-मिरजेइतके, नऊ-दहा किलोमीटर आहे. ताऱ्याने त्यांना इराण-बाबेलकडून शेकडो कोस आणले आणि शेवटच्या सांगली-मिरजेला वाट चुकवली. तो शेवटचा टप्पा दाखवायला ग्रंथ लागला. चौथ्या शतकातला ख्रिस्ती उपदेशक ख्रिसोस्तोम म्हणतो की तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, हा तारा उत्तरेकडून दक्षिणेला गेला आणि एका घरावर थांबला, म्हणून हा आकाशातला नेहमीचा तारा नव्हेच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मात्र उलट बाजूने विचार केला. १६०३ च्या डिसेंबरात त्याने गुरू-शनीची युती पाहिली, पुढच्या वर्षी त्याच भागात नवा तारा उजळला आणि त्याने मागे गणित करून इसवी सनापूर्वी सातव्या वर्षी मीन राशीत झालेल्या गुरू-शनीच्या युत्यांपर्यंत मजल मारली. हा केप्लर निष्ठावान लूथरपंथीय होता आणि पोटासाठी सरदारांच्या पत्रिकाही करीत होता.

तथापि कृष्णाकाठ यांनी ज्या अध्यायाचा उल्लेख केला त्यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हेरोदाने मागी लोकांना "गुप्तपणे" बोलावले आणि तारा कोणत्या वेळी दिसला ते नीट विचारून घेतले. दुसऱ्या शब्दांत, त्याने जन्मवेळ मागितली. पुढे सैनिक पाठवताना दोन वर्षांची मर्यादा त्याने त्याच वेळेवरून ठरवली. मागी लोकांच्या मनात पाप नव्हते, त्यांनी भोळेपणाने उत्तर दिले, पण तीच वेळ भ्यालेल्या माणसाच्या हाती पडली. साताऱ्याच्या त्या माउलींची तुलना मी हेरोदाशी करीत नाही, कृपा करून तसे वाचू नये. पण कोणी जन्मवेळ मागितली की तो भीतीपोटी मागतो की आनंदाने, हे आधी पाहावे, असे मला या अध्यायावरून वाटते.

दशमस्थान (सांगली), ३० डिसेंबर २०२५

मी स्वतः पत्रिका पाहतो, गणपती मंदिराजवळच्या बोळात बसतो, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत ख्रिस्ती मंडळी असतात, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. ते बहुधा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, गर्दी नसताना येतात. त्यामुळे कृष्णाकाठ यांना फोनवर आलेला तो खाली आणलेला आवाज मला चांगला ओळखीचा आहे.

येथे काही गोष्टी एकांगी मांडल्या जात आहेत असे वाटते. पहिली गोष्ट म्हणजे फलज्योतिष हे हिंदूंचे आणि म्हणून ख्रिस्ती माणसाला परके, हा समज इतिहासाला धरून नाही. होरा, केंद्र, जामित्र, पणफर, आपोक्लिम हे आमचे रोजचे शब्द ग्रीकांकडून आलेले आहेत. स्वतः वराहमिहिराने लिहून ठेवले आहे की यवन (ग्रीक) म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे उत्तम आहे, म्हणून ऋषींप्रमाणे त्यांचाही मान होतो. ज्या ग्रीक भाषेत तुमचा नवा करार लिहिला गेला त्याच भाषेतून आमचे केंद्रस्थान आले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी शेकडो वर्षे ही विद्या जोपासली. सोळाव्या शतकातले पोप तिसरे पॉल ज्योतिषाला मानाने वागवीत. पोप आठवे अर्बन यांच्या मृत्यूची भाकिते होऊ लागली, तेव्हा १६२८ मध्ये त्यांनी कांपानेल्ला या साधूला बोलावून बंद खोलीत दिवे आणि मशाली ग्रहांप्रमाणे मांडून ग्रहणाच्या अशुभावर उपाय करवून घेतला. आमच्या भाषेत त्याला ग्रहशांती म्हणतात. पुढे १६३१ मध्ये त्याच पोपसाहेबांनी असली भाकिते करणाऱ्यांविरुद्ध कडक फर्मान काढले, हे वेगळे सांगायला नको. प्रोटेस्टंट धर्मसुधारक लूथरचा उजवा हात मेलांख्थॉन तर विद्यापीठात टॉलेमीचे ज्योतिष शिकवीत असे.

तिसरा मुद्दा गंधरस यांच्यासाठी आहे. तुमच्या मिरज-सांगलीच्या मंडळ्या मुळात प्रेस्बिटेरियन मिशनच्या, म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतल्या आहेत. कोणाचे तारण होणार हे जगाच्या निर्मितीपूर्वीच ठरले आहे असे जे कॅल्विन सांगतो, त्याचे प्रारब्ध तर आमच्या प्रारब्धाहून पक्के दिसते. सगळे आधीच लिहिलेले असेल, तर ते वाचून पाहण्यात पाप काय आहे?

गंधरस (मिरज), ३० डिसेंबर २०२५

दशमस्थानकाका, तिसरा मुद्दा मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून बाकीचे थोडक्यात आटोपून तिकडेच वळतो.

इतिहासात तुम्ही सांगितलेले सर्व खरे आहे आणि त्यात भरही घालता येईल. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने अशी विभागणी केली की ग्रहताऱ्यांचा परिणाम शरीरावर आणि शरीरातून वासनांवर होतो, इच्छेवर होत नाही. बहुतेक माणसे वासनांच्या मागे जातात म्हणून ज्योतिषांची भाकिते पुष्कळदा खरी ठरतात आणि शहाणा माणूस ती खोटी पाडू शकतो, हेही त्याने पुढे लिहिले. ही तडजोड युरोपात फार काळ चालली. कॅथॉलिक चर्चने १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात मात्र पत्रिका पाहणे स्पष्ट शब्दांत नाकारले आहे, आणि कॅल्विनने तर १५४९ मध्येच या विषयावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहून वैद्य-शेतकऱ्यांना लागणारे आकाशज्ञान आणि माणसाचे भवितव्य सांगणारे ज्योतिष वेगळे काढले होते.

या सगळ्यांत मला चर्चचा प्राचीन आचार्य ऑगस्टीन जवळचा वाटतो, कारण तो स्वतः तरुणपणी ज्योतिषांच्या नादी लागला होता. त्याला त्यातून बाहेर काढणारी गोष्ट फिर्मिनुस नावाच्या मित्राने सांगितली. फिर्मिनुसचे वडील आणि त्यांचे एक स्नेही, दोघेही या विद्येचे इतके वेडे की घरातल्या जनावरांच्या विण्याच्या वेळाही टिपून ठेवत. फिर्मिनुसची आई आणि त्या स्नेह्याची एक दासी एकाच सुमाराला गरोदर होत्या. दोघी एकाच क्षणी बाळंत झाल्या, दोन्ही घरांतून निरोपे निघाले आणि ते वाटेत बरोबर मध्यावर एकमेकांना भेटले. वेळ एक आणि पत्रिका एक, पण एक मुलगा वाड्यात वाढला आणि दुसरा आयुष्यभर गुलाम राहिला. ऑगस्टीन म्हणतो, ज्योतिषाला दोघांबद्दल खरे बोलायचे असेल तर एकच कुंडली पाहून दोन वेगळी उत्तरे द्यावी लागतील.

आता प्रारब्धाविषयी. कॅल्विनचा पूर्वसंकल्प आणि तुमचे प्रारब्ध हे दुरून सारखे दिसतात, परंतु पूर्वसंकल्पाच्या मागे एक कोणीतरी आहे आणि त्याच्याशी बोलता येते. हिज्कीया राजाला यशयाने देवाच्या नावाने निरोप दिला होता की तू मरणार, घरची निरवानिरव कर. राजाने भिंतीकडे तोंड फिरवले, रडला आणि प्रार्थना केली. यशया आवाराबाहेर पडण्यापूर्वी त्याला परत फिरावे लागले आणि राजाला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. निरोप देवाचा, आणि बदलणाराही देवच. शनी असा गहिवरत नाही.

दशमस्थान (सांगली), ३० डिसेंबर २०२५

गहिवरतो, असे आमच्याकडे मानतात, म्हणून तर शनिवारी तेल घालायला रांग असते. पण हिज्कीयाची गोष्ट सुंदर आहे आणि मी ती प्रथमच ऐकली. शांती आणि प्रार्थना यांतला फरक तुम्ही दाखवला नाहीत, तो मीच दाखवतो. शांतीला सामग्रीची यादी असते आणि दक्षिणा ठरलेली असते. तुमच्या राजाकडे भिंतीखेरीज काही नव्हते. मी येथे थांबतो, पण बोळात दुपारी येणाऱ्यांना मी परत पाठवणार नाही, एवढे नमूद करतो.

कृष्णाकाठ (सांगली), ३१ डिसेंबर २०२५

वाईच्या ताईंच्या प्रश्नाने मला खजील केले. आज भिंग घेऊन पाने पाहिली. वेळेच्या पुढे खरोखरच लहान आकडे आहेत आणि आजवर मी त्यांना पानाचे क्रमांक समजत होतो. वडिलांच्या नावापुढे "७ पौं.", आत्याच्या पुढे "५ ॥ पौं.", पुतणीच्या पुढे "२.९ कि." आजी लग्नाआधी आणि नंतरही मिशन दवाखान्यात नर्स होती, हे घरात सर्वांना माहीत आहे. तिने जन्म तसे नोंदवले जसे ती रात्रपाळीत वहीत नोंदवत असे, आधी वेळ आणि मग वजन. आजोबांची तिथी तिने सासूबाईंकडून ऐकून लिहिली असणार, कारण त्या काळात तारीख सांगायची ती पद्धतच होती.

ताई, तुम्हाला हे कसे सुचले?

वाईची लेक (मिरज), १ जानेवारी २०२६

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. माझ्या सासूबाई मिरजेत नर्स होत्या आणि त्यांच्या शास्त्राच्या मागच्या पानावर अगदी अशीच नोंद आहे, म्हणून विचारले.

मी वाईची, गंगापुरीत वाढलेली, घरात दर पाडव्याला नवे पंचांग पुजले जाई. लग्न ठरवले तेव्हा माझ्या वडिलांनी माझी पत्रिका ट्रंकेत ठेवून कुलूप लावले आणि म्हणाले, "आता जुळवायची कोणाशी?" त्यात राग होता की दुःख, हे मला पुढे वीस वर्षांनी कळले. सासरी आल्यावर पाहिले तर स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलेच होते. सासूबाई त्यावर दुधाचे खाडे, गॅसच्या टाकीची तारीख आणि प्रभुभोजनाचा रविवार लिहीत. राहुकाळाच्या रकान्याकडे त्यांनी कधी पाहिले नाही, पण पौर्णिमा त्या पाहत, कारण ईस्टर चंद्रावरच ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा नियम त्यांनीच मला शिकवला. २०२३ मध्ये गुरुवारी ६ एप्रिलला हनुमान जयंती आणि दुसऱ्याच दिवशी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आला. माहेरी सुंठवडा आणि सासरी उपवास, असे मी दोन्ही एकाच चंद्राखाली केले. चर्चने आकाश पाहणे कधी सोडलेले नाही. सण कधी करायचा एवढे ते चंद्राला विचारते आणि पुढचे काही विचारत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर माझे मत सांगते. जन्मवेळ देऊ की नको, याचा खल आपण चार दिवस केला. त्या बाईंना काय वाटते ते कोणी विचारले का? बाई उगाच मुलाच्या वडिलांना चोरून फोन करीत नाही. वहिनींना म्हणावे, एकदा जाऊन बसा त्यांच्याजवळ.

अजिंक्यतारा (सातारा), १ जानेवारी २०२६

ताईंचे शेवटचे वाक्य पटले. गंधरस यांच्याशी मात्र माझा मतभेद कायम आहे आणि तो नोंदवून ठेवतो. आपण दोघेही पत्रिका नाकारतो, पण मी म्हणतो की त्या कुलपात काही नाही, आणि तुम्ही म्हणता की काही असले तरी उघडू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरले तेव्हा मेषेपासून मीनेपर्यंत बाराही राशी एकाच गच्चीवर बसल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि माझ्यासाठी तेवढा पुरावा पुरेसा आहे. तुमच्या भूमिकेत मला एक धोका दिसतो. "विचारू नये" एवढेच सांगितले, तर माणूस विचारणे सोडत नाही, फक्त दुपारी दोन वाजता बोळात जाऊन विचारतो. खोटे का आहे ते सांगितले, तर निदान बोळ तरी चुकतो.

गंधरस (मिरज), १ जानेवारी २०२६

हा आक्षेप मी मान्य करतो. ऑगस्टीननेही दोन्ही केले होते, आधी जुळ्या भावांचे, एसाव आणि याकोबाचे उदाहरण देऊन ही विद्या कशी फोल आहे ते दाखवले आणि मग तिच्याकडे का जाऊ नये ते सांगितले. आमच्या उपदेशांत पहिला भाग गाळला जातो. येत्या तरुण संघाच्या सभेत मी फिर्मिनुसची गोष्ट सांगणार आहे. त्या चाचणीची माहितीही सांगेन, आपली हरकत नसेल तर.

अजिंक्यतारा (सातारा), १ जानेवारी २०२६

हरकत कसली, दुर्बीणही घेऊन येतो.

कृष्णाकाठ (सांगली), ८ फेब्रुवारी २०२६

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतो आहे, क्षमस्व. ज्यांनी मनापासून लिहिले त्यांना पुढचे कळवणे भाग आहे.

वहिनी साताऱ्याला गेल्या. मुलाच्या आईंनी दुसऱ्या कपाला सांगितले की त्यांच्या थोरल्या मुलीचे यजमान लग्नानंतर आठव्या महिन्यात गेले. तेव्हा शेजारच्या एका बाईंनी "पत्रिका पाहिली असती तर मंगळ कळला असता" असे म्हटले होते आणि ते वाक्य सहा वर्षे त्यांच्या कानातून गेले नाही. मंडळीत हे बोलायची सोय नाही, कारण त्यांचे स्वतःचे यजमान कमिटीवर आहेत. वहिनींनी वेळ दिली नाही आणि नाकारलीही नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी लिहिलेली आहे, तुम्ही येऊन पाहा."

गेल्या रविवारी त्या आल्या. मी पुस्तक टेबलावर उघडून ठेवले आणि मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा त्यांचे बोट पुतणीच्या ओळीवर नव्हते. वडिलांच्या नावाखाली एक ओळ आहे, जिचा मी येथे उल्लेख केला नव्हता. त्यांच्या पाठच्या भावाची ती नोंद आहे. जन्म सायंकाळी ६ वाजून ५ मिनिटे, वजन ४ पौंड, आणि मृत्यूच्या रकान्यात अकरा दिवसांनंतरची तारीख, तीही वेळेसकट. त्याखाली आजीने "माझे दिवस तुझ्या हाती आहेत" ही एकतिसाव्या स्तोत्रातली ओळ बारीक अक्षरात लिहिली आहे. त्या बराच वेळ ती ओळ पाहत राहिल्या, मग चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारले, "तुमच्या आजींनी स्वतःच लिहिलं का हे?" मी हो म्हटले. पुतणीची वेळ त्यांनी पाहिली असावी, उतरवून घेतली नाही.

लग्न शनिवार, ३० मे रोजी आहे. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे त्या काळात सांगलीतली मंगल कार्यालये ओस पडलेली आहेत आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला हवे ते कार्यालय, हव्या त्या दिवशी, भाड्यात सवलतीसह मिळाले. तेथील व्यवस्थापकांनी पावती फाडण्यापूर्वी दोनदा बजावले, "अधिक महिना आहे बरं का, नंतर तारीख बदलून मागू नका." मुलाच्या आई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिहा हो तुम्ही. आणि खुर्च्या पन्नास जास्त लावा."